हात आत घालू नका

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की हिनं राईचा पर्वत केला. पालीला, विहिरीला, फटाक्यांना मी भीत नाही. मी भिते ते वरून खाली येऊन आपटणाऱ्या लोखंडाला. आणि पोटासाठी करते काय, तर तसल्याच लोखंडाला थांबायला सांगणाऱ्या पेट्या. आता बोला!

ही भीती आमच्या तात्यांच्या हातातून आली. तात्या म्हणजे माझे चुलते. शेंद्र्याजवळच्या आमच्या मळ्यात कडबाकुट्टीचं मशीन होतं. ज्वारीच्या कडब्याची पेंढी आत सारता सारता त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यात गेली. मी तेव्हा पाळण्यात होते, मला त्यातलं काही आठवायचं कारण नाही. पण जत्रेहून आले की ते माझ्या तळहातावर बत्तासा ठेवायचे, आणि बोटांच्या जागचा तो गुळगुळीत भाग लागला की मी हात मागं ओढायचे. आई डोळे वटारायची. माझा थोरला भाऊ मात्र त्याच हाताला लोंबकळून झोके घ्यायचा. दादा कशालाच भ्यायचा नाही. घरात भ्यायला मी एकटी, तेही दोघांच्या वाटणीचं.

पुढं मळा कारखान्यांसाठी गेला. मी इंजिनीअरिंग केलं आणि आमच्याच जुन्या शिवारापासून हाकेच्या अंतरावर, शेंद्र्यातल्या एका लहानशा कंपनीत लागले. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजला, एका प्रेसशॉपमध्ये लागला. प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारं मशीन. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून ठोकळा खाली येतो, धाडकन, आणि वर जातो. पुन्हा पत्रा, पुन्हा हात. दादा दिवसभर हेच करायचा आणि घरी येऊन जेवताना गाणी म्हणायचा. मला मात्र त्याच्या ताटातल्या हाताकडं बघवायचं नाही.

आमची पेटी अशाच जुन्या प्रेसवर बसायची. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचे दोन अदृश्य किरण, एक बाहेर, एक आत. बाहेरचा किरण हातानं अडवला की पेटीच्या छोट्या पडद्यावर इशारा यायचा. हात तरीही पुढं जाऊन आतला किरण अडला, की पेटी प्रेस जागच्या जागी थांबवायची. दोन्ही किरणांवर नजर ठेवणारा प्रोग्राम पेटीतल्या एका चिपमध्ये असायचा. तो लिहिणाऱ्या चारपाच जणांपैकी मी एक. दादाच्या मालकानं आमच्या पेट्या घेतल्या, तेव्हा दादानं अख्ख्या शॉपला सांगितलं, "माझ्या बहिणीनं केलंय." मी म्हटलं, "अरे, आम्ही सगळ्यांनी मिळून केलंय." तर म्हणतो, "बाकीच्यांना मी वळखतो का?"

पडद्यावरचा इशारा आधी इंग्रजीत होता, हात काढा अशा अर्थाचा, 'हँड क्लिअर'. एका रविवारी जेवताना दादा म्हणाला, "हँड क्लिअर म्हंजी काय गं? माझा हात काय परीक्षा क्लिअर झालाय का? मराठीत लिवा की, लोकांना कळंल तरी." मी हसत हसत ते आमच्या सायबांना सांगितलं आणि सायबांनी ते मनावर घेतलं. पण आमचा पडदा हलक्यातला होता, त्याला मराठी अक्षरं येत नव्हती. मग एका सहकाऱ्यानं ती चित्रं काढावीत तशी ठिपक्याठिपक्यांनी काढली. आधी शिरोरेषा, मग तिच्याखाली एकेक ओळ ठिपके, आणि त्यातून उमटायचं, 'सावधान! हात आत घालू नका'. 'घालू'चा लू ऱ्हस्व की दीर्घ, यावर आमच्या ऑफिसात अर्धी दुपार भांडण झालं. काना, मात्रा, उकार, उद्गारचिन्ह, सगळं सगळ्यांनी तपासलं. मग लाकडी रूळ हळूच आत सरकवून प्रेस थांबतो का तेही बघितलं. थांबला. तो सहकारी पुण्याला गेला आणि मराठी बोलणाऱ्या पेट्या वाळूजला गेल्या.

दादा तर हरखूनच गेला. शॉपमध्ये कुणी नवीन माणूस आला की त्याला प्रेससमोर उभं करायचा, पेडल दाबायचा आणि सावकाश, देवाला फूल वाहावं तसा, हात आत न्यायचा. प्रेस थांबला की म्हणायचा, "बघितलं? माझ्या बहिणीनं केलंय." हे मला वहिनीकडून कळलं. मी त्याला फोनवर झापलं.

"हात कशाला घालतोस? रूळ घालून दाखव ना!"

"रुळाला बहीण असती का?" तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका दुसऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार आली. पेटी प्रेसचे ठोके मोजते, त्यात मधूनच एखादा ठोका गाळते. तक्रार फालतूच, पण माझ्या टेबलावर पडली. मी सकाळी एक पेटी उघडून मांडली, किरणांच्या तारांना आणि प्रेस थांबवणाऱ्या तारेला मोजणीचं यंत्र लावलं. रूळ हळूच सरकवला. सगळं ठीक. मग कंटाळून, खरंच कंटाळूनच, मी हातातली पट्टी दोन्ही किरणांतून सपकन ओढली.

आतला किरण तुटल्याची खूण यंत्राच्या पडद्यावर दिसली, पण थांबण्याची खूण कुठं दिसेना. मग दिसली, लई उशिरा, पार दुसऱ्या टोकाला. मला वाटलं तार सैल आहे. पट्टी पुन्हा ओढली, तर तेच.

मी प्रोग्राम उघडला. पडद्याला एक ओळ लिहायला दिली की ती पचवायला त्याला थोडा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ प्रोग्रामनं थांबायचं असतं. आमच्या आधीच्या कुणा सरांनी त्यासाठी एक तुकडा लिहून ठेवला होता, त्याला नाव दिलं होतं इंग्रजी अक्षरांत 'दम खा'. नाव वाचून आम्ही सगळे हसायचो. दम खायचा म्हणजे प्रोग्रामनं काय करायचं? तर रिकामे आकडे मोजत बसायचं. लपाछपीत राज्य आलेलं पोर भिंतीकडं तोंड करून, डोळे झाकून आकडे म्हणतं, अगदी तसं. आकडे संपेपर्यंत त्याला काहीच दिसत नाही. इंग्रजीतली चार अक्षरं लिहायची तेव्हा हा दम डोळ्याची पापणी लवण्याइतकाही नव्हता. मराठी वाक्याला शिरोरेषेपासून उकारापर्यंत ओळीच ओळी, आणि दर ओळीनंतर दम खा.

म्हणजे हात बाहेरच्या किरणापाशी आला की पेटी लिहायला बसायची, हात आत घालू नका. आणि ते लिहून होईपर्यंत हात आत गेला तरी तिला पत्ता नसायचा. हळू जाणाऱ्या हाताला ती वाचवणार, घाईच्या हाताला नाही. आणि हात काय हळू जाताना अडकतो? आम्ही सगळ्यांनी उकार तपासले होते!

दादा पहिल्या पाळीत होता.

त्याला फोन लावून उपयोग नव्हता, त्यांचे मोबाइल गेटवरच्या कपाटात ठेवून घेतात. त्याच्या सुपरवायझरला लावला. तो म्हणाला, "मॅडम, लाइन चालू आहे, लंचमध्ये बोलू," आणि कट केला. पुन्हा लावला, उचलला नाही. सायबांच्या केबिनमध्ये घुसले. त्यांनी माझं सगळं ऐकलं, चेहरा उतरला त्यांचाही, पण तोंडानं म्हणाले, "मी फोन करतो त्यांच्या मालकाला. आधी नीट तपासा, मग बोंब मारा. इतके दिवस चाललंय ना?" इतके दिवस चाललंय, हेच तर मला सहन होत नव्हतं. मी स्कूटीची किल्ली घेतली आणि निघाले.

शेंद्र्याहून वाळूज म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. जालना रोडवर ट्रक, त्यात ऊन. चिकलठाणा गेलं, सिडको गेलं, मला मधलं काही आठवत नाही. डोळ्यांपुढं एकच, दादाचा हात, आणि त्याच्या जागी मधूनच तात्यांचा हात. क्रांती चौकात पुलावरून जायचं सोडून मी शहाणी खालून घुसले आणि सिग्नलला अडकले. लाल दिव्याचे आकडे उलटे सरकत होते. मी हॉर्नवर बोट ठेवलं ते काढेचना. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "आपा, उड के जाते क्या? सब के सब खडेच हैं ना इधर!" मी त्याच्यावर खेकसणार होते, पण तोंडातून रडूच आलं. त्यानं बिचाऱ्यानं रिक्षा दामटून बाजूला घेतली आणि मला पुढं काढून दिलं.

गेटवर सुपरवायझर उभाच होता. सायबांचा फोन झाला होता म्हणे.

"मॅडम, तुम्ही लई घाबरता असं सांगितलंय. लंचनंतर बघू की."

"आत्ता बंद करा. सगळे प्रेस बंद करा!"

"असे कसे बंद करू? चला, बघून घ्या एकदा, काय आहे ते."

त्यानं माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि आत नेलं. आत नुसता दणदणाट. माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जाणार नाही, इतका. दादाचा प्रेस पार टोकाला. त्यानं मला लांबूनच पाहिलं आणि त्याचं तोंड उजळलं. बहीण पहिल्यांदाच शॉपमध्ये आली होती, तीही हेल्मेट घालून, सुपरवायझरला सोबत घेऊन. मी ओरडले, "दादा, हात! हात!" आवाज गेला नाही. मग मी उजवा हात पुढं करून जोरजोरात हलवला, मागं घे, मागं घे, म्हणून. हात पुढं करायचा, मागं ओढायचा. पुढं करायचा, मागं ओढायचा.

आणि तो हसला. मान हलवली, समजलं म्हणून. त्याला वाटलं, मी म्हणतेय, घालून दाखव.

त्यानं पेडल दाबलं. आज पाहुणी बघायला आली होती, म्हणून त्यानं नेहमीसारखा सावकाश नाही, झोकात, सपकन हात आत घातला.

पेटी माझ्याकडं तोंड करून होती. तिच्यावर शिरोरेषा उमटली. तिच्याखाली 'सावधान'चा वरचा भाग लोंबायला लागला. मी ते बघितलं, आजही बघते, एकेक ओळ. ठोकळा खाली येत होता आणि पेटी लिहीत होती. 'नका' झालं, शेवटी 'घालू'चा दीर्घ उकार पुरा झाला, आणि मग प्रेस थांबला. ठोकळा खाली टेकलेला होता. दादाचा हात बाहेर होता, पण हातमोजा त्याच्याकडं नव्हता.

सुपरवायझरनं धावत जाऊन मेन बंद केला. एकेक करत सगळे प्रेस थांबले आणि अशी शांतता झाली की मला माझ्याच दातांचा आवाज ऐकू आला. ठोकळा वर घेतला. हातमोज्याच्या बोटांची टोकं पापडासारखी चपटी झाली होती, आणि आत काही नव्हतं. हातमोजा एक नंबर मोठा होता. दादाची बोटं टोकापर्यंत पोचत नव्हती, म्हणून ठोकळा थांबेना हे बघून त्यानं हात ओढला, तसा तो निसटला. आमच्या पेटीनं नाही, ढगळ हातमोज्यानं दादाचा हात वाचवला.

दादानं हात उलटसुलट करून बघितला. मग माझ्याकडं बघत बारीक आवाजात म्हणाला, "आज जरा उशीरच केला बघ तिनं." आणि पत्र्यांच्या खोक्यावर खाली बसला. "पाणी दे गं." त्याला पेला धरता येईना. जन्मात पहिल्यांदा मी दादाला घाबरलेला पाहिला. माझं डोकंच फिरलं. थोरल्या भावावर हात उगारला मी, सगळ्यांसमोर. पाठीत धपाटे घातले, "मेला असतास ना, मेला असतास!" असं ओरडत. तो मार खात राहिला आणि म्हणत राहिला, "आगं माय, हातच गेला असता, मेलो कशानं असतो?"

पेट्या दुरुस्त होऊन येईपर्यंत त्यांचे प्रेस बंदच ठेवले, सायबांनी सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन केले. मी 'दम खा' समूळ उपटला. आता पडद्याला एक ओळ द्यायची, चिपमधल्या घड्याळाला सांगून ठेवायचं आणि प्रोग्रामनं पुन्हा किरणांकडं नजर लावायची. वेळ झाली की घड्याळ हाक मारतं, मग पुढची ओळ. कुकर गॅसवर ठेवून आपण कणीक मळायला घेतो, कान शिट्टीकडं असतो, तेवढंच हे. शिवाय आतला किरण तुटला की हातातलं कुठलंही काम टाकून आधी प्रेस थांबवायचा, असं बांधून घेतलं. तरी माझा जीव मानेना. मी भांडून त्या किरणाची आणखी एक तार प्रोग्रामला न विचारता थेट प्रेसचा ठोकळा रोखणाऱ्या क्लचपर्यंत नेली. मंडईतून मुळे आणले, हातमोज्यात भरले आणि जितक्या जोरात मारता येतील तितक्या जोरात आत मारले. एकही मुळा चेचला गेला नाही. तरी मी मुळे आणतच राहिले, शेवटी सायबांनी हात जोडले.

इशारा मराठीतच ठेवला. फक्त आता आधी प्रेस थांबतो आणि मग शिरोरेषा उमटते.

दादाला मी बजावलं, पुन्हा हात घालायचा नाही. "नाय घालत," म्हणाला. मी त्याला आईची शपथ घ्यायला लावली. त्यानं ती ताबडतोब घेतली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन त्याच्या घरी गेले. आदल्या दिवशी खंडेनवमीला त्यांच्या शॉपमध्ये मशीनची पूजा होती, घरच्यांना बोलावलं होतं. वहिनी मोबाइल घेऊन आली. "वन्सं, हे बघा, मी काढलाय. तुमचं किती कौतुक झालं!"

व्हिडिओत दादाचा प्रेस होता, झेंडूच्या माळा घातलेला, हळदीकुंकू लावलेला. दादा नव्या सदऱ्यात. भोवती माणसंच माणसं. त्यातलं कुणीतरी ओरडलं, "बहिणीची पेटी आज तरी थांबती का?" आणि हशा पिकला. मला तेव्हा कळलं की त्या दिवसापासून शॉपमध्ये आमच्या पेटीला 'बहिणीची पेटी' हेच नाव पडलं होतं. दादा हसला नाही. त्यानं बाही वर सारली. हातात हातमोजा नव्हता. पेडल दाबलं आणि उघडा हात सपकन आत घातला, पार मनगटापर्यंत.

ठोकळा वरच थांबला. मग पडद्यावर अक्षरं आली. टाळ्या पडल्या. वहिनीनंही वाजवल्या असाव्यात, कारण व्हिडिओ हलला. मी तो पुन्हा लावला, आणि पुन्हा. दर वेळी प्रेस थांबत होता आणि दर वेळी मला नवंच काहीतरी सुचत होतं. तार घासेल, धूळ बसेल, उंदीर कुरतडेल, कुणी नवा येऊन प्रोग्राममध्ये काही बदलेल. पेटी हजारदा बरोबर वागली तरी दादाला एकदाच पुरे होतं.

दादा पाय धुऊन आत आला. माझ्या हातातला मोबाइल बघून समजला.

"थांबलं का नाय?"

"थांबलं."

"मग रडायलीस कशाला?"

"शपथ घेतली होतीस तू."

"आगं, लोक तुला हसायलेत. मी ऐकून घ्यायचं व्हय?" मग नजर चुकवत म्हणाला, "भ्या मलाबी वाटलं. पण तूच केलंयस ना."

त्यानं उजवा हात पुढं केला. "दे सोनं."

मी त्याच्या तळहातावर आपट्याची पानं ठेवली आणि वरून त्याची बोटं मिटली, पानांसकट, दोन्ही हातांनी. वहिनी चहा घेऊन आली, घुटमळली, पुन्हा आत गेली.

"सोड की गं आता," दादा म्हणाला.

मी काही सोडला नाही.